२००० सालचा रुंद पडद्याचा प्रोजेक्शन टीव्ही : ठेवावा की काढावा?

एडिसनकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे एक जुने घर विकत घेतले. आधीच्या मालकांनी सगळे घर रिकामे करून दिले, मात्र बेसमेंटमधला एक भला मोठा टीव्ही त्यांनी जागेवरच राहू दिला. तो खाली उतरवल्यानंतर जिन्याला कठडा बसवला गेला असावा, कारण आम्ही तिघांनी मिळून तो कसाही फिरवून पाहिला तरी जिन्याच्या वळणातून वर निघत नाही.

मागच्या पट्टीवर निर्मितीचे वर्ष २००० असे छापले आहे. पडदा ५५ इंचांचा आणि रुंद, म्हणजे १६:९ प्रमाणाचा आहे. खाली लाकडी पेटी, आत तीन नळ्या आणि वर तिरका आरसा अशी रचना आहे, एवढे मागच्या फटीतून डोकावल्यावर कळले. जोडणीसाठी पिवळ्या टोकाची जुनी केबल, एस-व्हिडिओ आणि लाल-हिरव्या-निळ्या टोकांच्या कंपोनंट केबलचे दोन संच लागतात. आजच्या उपकरणांना लागणाऱ्या एचडीएमआय केबलची सोय नाही.

दिवसा चालू केला तेव्हा मी निराश झालो. खिडकीचे प्रतिबिंब पडद्यात स्पष्ट दिसत होते, पांढऱ्या अक्षरांना एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार होती, आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले की चित्र एकदम मंदावत होते. पडद्याच्या अगदी तळाशी, चित्र पांढरे असेल तेव्हा, सुमारे दोन इंच उंचीचा मळकट पट्टाही दिसतो. परंतु त्याच रात्री दिवे मालवून, जुना डीव्हीडी प्लेअर कंपोनंट केबलने जोडून एक चित्रपट लावला आणि आम्ही दोघेही शेवटपर्यंत तिथून हललो नाही. रात्रीच्या प्रसंगातला अंधार खराखुरा काळा होता. वरच्या दिवाणखान्यातल्या आमच्या एलसीडी टीव्हीवर तोच अंधार राखाडी दिसतो.

त्यामुळे मन द्विधा झाले आहे. उन्हाळ्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांची व्यवस्था बेसमेंटमध्येच आहे, आणि ते दिवसाचे पाच-सहा तास मराठी मालिका व बातम्या पाहतात. अशा टीव्हीच्या गुणदोषांची नीट कल्पना असलेल्या कोणी मार्गदर्शन केले तर आभारी राहीन. तो ठेवण्यासारखा आहे का, आणि ठेवला तर कशासाठी वापरावा?

---

तीननळ्या

एडिसनकर, आपण दिवसा आणि रात्री जे दोन वेगवेगळे अनुभव घेतले, त्यांतच या यंत्राचा स्वभाव आला आहे. मी २००१ ते २०१२ अशी अकरा वर्षे याच जातीचा संच वापरला आणि आजही मला त्याबद्दल जिव्हाळा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा टीव्ही ज्या काळातला आहे तो काळ आधी लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत डीव्हीडी १९९७ च्या मार्चमध्ये बाजारात आली आणि १ नोव्हेंबर १९९८ पासून डिजिटल प्रक्षेपणाला रीतसर सुरुवात झाली. चित्रपट रुंद, नवे प्रक्षेपण रुंद, पण घरोघरी टीव्ही मात्र ४:३ चे, अशी ती स्थिती होती. काचेची साधी पिक्चर ट्यूब ३४-३६ इंचांच्या पुढे नेणे अवघड होते, कारण आतल्या निर्वात पोकळीवर बाहेरच्या हवेचा जो दाब येतो तो पेलण्यासाठी काच अतिशय जाड करावी लागते आणि वजन माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. प्लाझ्मा नुकता आला होता, परंतु ४२ इंचांसाठी दहा हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत. म्हणून ज्याला खरोखर मोठा आणि रुंद पडदा हवा होता, त्याच्यापुढे प्रोजेक्शन हाच परवडण्याजोगा मार्ग होता. तोशिबा, मित्सुबिशी, हिताची, पायोनियर, सोनी या सगळ्यांनीच त्या वर्षांत असे संच काढले.

आत सुमारे ७ इंचांच्या तीन नळ्या असतात, एक लाल, एक हिरवी आणि एक निळी. प्रत्येक नळी आपापल्या एका रंगाचे छोटे, पण अतिशय प्रखर चित्र काढते. पुढची भिंगे ते मोठे करतात, आरसा ते पडद्याच्या मागच्या बाजूवर टाकतो, आणि तिन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसली तरच आपल्याला एक चित्र दिसते. आपल्या टीव्हीतली तांबडी-निळी किनार म्हणजे ही चित्रे एकमेकांवरून किंचित सरकल्याची खूण आहे. हा बिघाड मानू नका. तंबोऱ्याच्या तारा जशा वरचेवर जुळवाव्या लागतात, तशी ही जुळणी अधूनमधून करावी लागते.

आता गुणांकडे येतो. पहिला गुण आपण पाहिलाच. नळीत काळ्या जागी प्रकाश निर्माणच होत नाही, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग काळाच राहतो. एलसीडीत पाठीमागचा दिवा चालूच असतो आणि पुढची स्फटिकांची जाळी तो अडवते, पण पूर्णपणे अडवू शकत नाही. त्या काळच्या प्रोजेक्शन टीव्हीची ही गोष्ट साध्या एलसीडीला आजही सहज जमत नाही. दुसरा गुण हालचालीचा. धावणारा घोडा किंवा वेगाने वळणारा कॅमेरा यांत चित्र माखल्यासारखे होत नाही, कारण नळी चित्र आडव्या रेघांनी काढते आणि प्रत्येक रेघ क्षणभर उजळून विझते.

तिसरा गुण रुंदीचा आहे आणि माझ्या मते तोच या संचाचा प्राण आहे. ४:३ टीव्हीवर रुंद चित्रपट लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि डीव्हीडीच्या ४८० रेघांपैकी १६:९ चित्राच्या वाट्याला ३६० रेघाच उरतात. सिनेमास्कोप, म्हणजे त्याहूनही रुंद चौकटीचा, चित्रपट असेल तर जेमतेम २७०. रुंद टीव्हीसाठी मुद्रित केलेल्या डीव्हीडीत मात्र चित्र उभे ताणून सगळ्या ४८० रेघांवर पसरलेले असते आणि टीव्ही ते आडवे पसरवून मूळ प्रमाणात आणतो. उभा तपशील एक तृतीयांशाने वाढतो. हा फरक आकड्यात लहान वाटेल, पण दूरच्या झाडाची पाने आणि गर्दीतले चेहरे पाहिले की तो लगेच जाणवतो. त्यातही डीव्हीडी प्लेअर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ४८० रेघा एकदम (४८०पी) देणारा असेल तर रेघांची थरथर जवळजवळ नाहीशी होते.

दोष मी लपवणार नाही. ७ इंची नळी १०८०आय, म्हणजे १०८० रेघांच्या चित्राचे, संकेत स्वीकारते, पण प्रत्येक रेघेतल्या १९२० ठिपक्यांचा सगळा तपशील पडद्यावर उतरवू शकत नाही. ९ इंची नळ्यांचे महाग संच त्याच्या बरेच जवळ जात. ७२०पी (७२० रेघांचे चित्र) तर यांतले पुष्कळ संच घेतच नाहीत. आतला ट्यूनर (वाहिन्या पकडणारा भाग) १२ जून २००९ पासून, म्हणजे अमेरिकेतले मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाल्या दिवसापासून, अँटेनासाठी निरुपयोगी झाला आहे. पडद्याची घडणच अशी आहे की प्रकाश समोर बसलेल्या माणसाकडे एकवटून यावा. आडव्या दिशेने तो बराच पसरतो, पण उभ्या दिशेने फार थोडा, म्हणून उभे राहिल्यावर चित्र मंदावते. पुढे चकचकीत पारदर्शक संरक्षक पटल असेल तर खिडकी त्यात दिसणारच.

आणि ४:३ चित्राचे काय करायचे, हा या संचांचा कायमचा प्रश्न होता. ५५ इंची रुंद पडद्याची उंची २७ इंच असते. तेवढ्या उंचीत ४:३ चित्र मूळ प्रमाणात बसवले की ते ४५ इंचांचे होते आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांच्या पट्ट्या उरतात. जुने मराठी कृष्णधवल चित्रपट मी नेहमी असेच पाहिले आणि ते तसेच पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. दिग्दर्शकाने जी चौकट डोळ्यांपुढे ठेवली, ती ताणून आपण काही मिळवत नाही.

---

सिन्नरकर

तीननळ्या यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक अनुभव सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी हे संच क्रिकेटसाठी घेतले होते.

२००३ च्या विश्वचषकाच्या वेळी आम्ही काही कुटुंबे एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमत असू. सामने दक्षिण आफ्रिकेत सकाळी दहाला सुरू होत, तेव्हा इकडे पहाटेचे तीन वाजलेले असत. बाहेर बर्फ, आत चहाचा मोठा थर्मास आणि समोर ६५ इंचांचा रुंद पडदा. प्रक्षेपण मात्र ४:३ चे. बाजूच्या पट्ट्या कोणालाच नको होत्या, म्हणून चित्र रुंदीभर ताणणारी सोय कायम चालू असे. ही सोय मधला भाग जवळजवळ जसाच्या तसा ठेवते आणि कडांना जास्त ताणते, म्हणजे मधोमध उभा असलेला माणूस विद्रूप दिसू नये. फलंदाज अगदी नीट दिसे. पण चेंडू सीमारेषेकडे निघाला की पडद्याच्या कडेजवळ येताच त्याचा वेग अचानक वाढल्यासारखा वाटे, आणि त्याच्यामागे धावणारा क्षेत्ररक्षक कडेला पोहोचेपर्यंत चांगला जाडजूड होई. १ मार्चला सेंच्युरियनवर पाकिस्तानविरुद्ध सचिनने ९८ धावा केल्या, त्यातले चौकार मला आजही त्या वाकड्या वेगासकट आठवतात.

खरे नुकसान पुढे लक्षात आले. ९ फेब्रुवारी ते २३ मार्च असे सहा आठवडे, रोज सात-आठ तास, पडद्याच्या तळाशी धावफलकाची पट्टी एकाच जागी होती, आणि कॉन्ट्रास्ट दुकानातून आला तसा शंभरावर होता. एप्रिलमध्ये कोणीतरी आइस हॉकी लावली. पांढऱ्याशुभ्र बर्फावर तळाशी एक करडा पट्टा दिसू लागला, इतका रेखीव की त्यात धावसंख्येची चौकटसुद्धा ओळखता येत होती. मित्राने दिवसभर निरनिराळी चित्रे लावून पाहिली, पट्टा गेला नाही. नळीवरचे फॉस्फर (प्रकाश देणारा लेप) जिथे जास्त जळते तिथे ते कायमचे मंद होते आणि त्याला उपाय नाही. प्रोजेक्शनच्या नळ्यांना लहानशा तोंडातून मोठा पडदा उजळायचा असल्यामुळे साध्या टीव्हीच्या नळीपेक्षा कितीतरी प्रखर जळावे लागते, म्हणून हा धोका त्यांना अधिक. व्हिडिओ गेमच्या पुस्तिकांतही प्रोजेक्शन टीव्हीवर खेळू नये अशी सूचना छापलेली असे.

म्हणून एडिसनकर, आपण लिहिलेला तळाचा मळकट पट्टा मला चांगलाच ओळखीचा वाटतो. अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी सप्टेंबर २००१ नंतर पडद्याच्या तळाशी धावती बातमीपट्टी कायमची ठेवली. आधीचे मालक बातम्यांचे शौकीन असतील तर पट्टा तिथून आला असण्याची बरीच शक्यता आहे. आणि यावरून सासू-सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. मराठी वृत्तवाहिन्यांवर तर एकावर एक तीन-तीन पट्ट्या असतात. रोज पाच-सहा तास त्या या पडद्यावर दाखवू नका.

---

कन्व्हर्जन्स_पुणे

मी २००० नंतरची काही वर्षे पुण्यात मोठ्या पडद्याचे टीव्ही दुरुस्त करत असे. आमच्याकडे येणारे बहुतेक संच ४:३ चे असत, पण आतली रचना हीच. एडिसनकर यांनी ठेवायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात, असे सुचवतो.

त्याआधी एक कळकळीची सूचना. मागचा पत्रा काढून नळ्यांच्या मानेजवळ किंवा जाड लाल वायरीजवळ हात नेऊ नये. तिथे सुमारे तीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. मी ज्या तपासण्या सांगतो त्या हात न लावता करता येतात.

पहिली तपासणी द्रवाची. नळीचे तोंड आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉलमिश्रित पारदर्शक द्रव भरलेला असतो. तो नळी थंड ठेवतो आणि प्रकाशाचे परावर्तन कमी करतो. वीस-पंचवीस वर्षांत हा द्रव दुधाळ होतो, कधी त्यात शेवाळासारखे काही तरंगू लागते, कधी जुने रबर सुटून तो खाली गळतो. टीव्ही पूर्ण बंद करून, प्लग काढून, विजेरीचा प्रकाश वरून भिंगांत टाका. तळ काचेसारखा स्वच्छ दिसला तर उत्तम. धुके दिसले तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती जो प्रकाशाचा फुगारा दिसतो, त्याचे कारण तेच समजावे. द्रव बदलता येतो, पण ते कौशल्याचे काम आहे. पेटीच्या तळाशी चिकट ओल आढळली तर टीव्ही चालू करूच नका, कारण तो द्रव सर्किटवर पडला की आग लागू शकते. घरात कुत्रे-मांजर असेल तर ओल लगेच पुसून घ्या. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते.

दुसरी तपासणी जुळणीची. टीव्ही किमान अर्धा तास चालू ठेवावा, कारण नळ्या तापेपर्यंत चित्र हळूहळू सरकत राहते आणि थंड असताना केलेली जुळणी तासाभरात बिघडते. मग मेन्यूमधून कन्व्हर्जन्स, म्हणजे तीन रंगांच्या जुळणीची सोय, उघडा. पडद्यावर अधिकचे चिन्ह किंवा जाळी दिसेल. हिरवी रेघ स्थिर मानायची आणि आधी लाल, मग निळी तिच्यावर आणून बसवायची. नेमकी बसली की तिन्ही मिळून पांढरी रेघ दिसते. निळी रेघ थोडी जाड आणि धूसर दिसेल. त्याची काळजी करू नये, अनेक संचांत निळी नळी मुद्दामच किंचित अस्पष्ट ठेवलेली असते. मात्र एखाद्या रंगाच्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या असतील आणि मेन्यूतून हलवूनही सरळ होत नसतील, तर हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवलेले कन्व्हर्जन्सचे आयसी, म्हणजे चिप, गेले आहेत असे समजावे. या संचांचे ते नेहमीचे दुखणे आहे. आयसी फार महाग नसतात, परंतु आज ते काम करणारा हात मिळणे कठीण.

तिसरी तपासणी त्या पट्ट्याची, आणि ही फार उपयोगी आहे. पूर्ण पांढरे चित्र लावा आणि पट्टा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जातो का, की दोन्हीकडे सहा-सहा इंच आधीच थांबतो, ते पाहा. आधी थांबत असेल तर मालकांनी ४:३ चित्र बाजूला पट्ट्या ठेवून वर्षानुवर्षे पाहिले, आणि मग पडद्याचा मधला चौकोन कडांपेक्षा पिवळट किंवा मंद झालेला असणार. रुंद चित्र लावले की ते दोन उभे शिवण-पट्टे सतत डोळ्यांत येतात. पट्टा कडेपर्यंत गेला असेल तर चित्र ताणून पाहिले गेले आणि नळ्या सारख्या झिजल्या. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ताणलेले चित्र वाईट, पण नळ्यांच्या दृष्टीने तेच बरे. संचांतल्या बाजूच्या पट्ट्या बऱ्याचदा काळ्या न ठेवता करड्या ठेवत, त्याचेही कारण हेच होते.

वरचा आरसा मळला असेल तर काच पुसण्याचा फवारा आणि फडके वापरू नका. आपल्या घरच्या आरशाला चांदी मागून असते, याला पुढून असते. एकदा फडके फिरवले की ओरखडे कायमचे. हवेच्या फुंकणीने धूळ उडवा आणि थांबा.

---

मधुरा_टोरांटो

सगळ्यांचे प्रतिसाद आवडीने वाचले, पण मी वेगळे मत नोंदवते. आमच्याकडेही असाच संच होता आणि तो मी २०१४ मध्ये काढला, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

सासू-सासऱ्यांसाठी हा टीव्ही अजिबात योग्य नाही, आणि पडद्यावर डाग पडतील हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आजच्या मराठी मालिका ते छोट्या स्ट्रीमिंग उपकरणावरूनच पाहणार, आणि त्याला एचडीएमआय लागते. एचडीएमआयचे कंपोनंटमध्ये रूपांतर करणारी डबी मिळते, परंतु पुष्कळ डब्या ७२०पी किंवा १०८०पी तसाच पुढे पाठवतात आणि जुना संच तो घेत नाही. नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेला कार्यक्रम असला तर पडदा रिकामाच राहण्याची शक्यता असते. दोन रिमोट, तीन खटके आणि मध्येच गेलेले चित्र, हा ताप सत्तरीतल्या माणसांना कशासाठी? माझ्या सासूबाई चित्र गेले की कोणाला न सांगता टीव्ही बंद करून जपमाळ घेऊन बसत. आपल्यामुळे काही बिघडले, असे त्यांना वाटे. ते मला आठवते, म्हणून हे लिहिले.

शिवाय बेसमेंटमधल्या खोलीत त्यांची पलंग-खुर्चीची सोय करायची, तर हा टीव्ही दोन फूट खोल जागा व्यापतो. आडवे पडून पाहायचे म्हटले तर चित्र मंद दिसणार, हेही तीननळ्या यांनी सांगितलेच आहे.

काढायचा झाल्यास, अशा बहुतेक संचांचा वरचा भाग, म्हणजे पडदा आणि आरशाची चौकट, स्क्रू काढून खालच्या पेटीपासून वेगळा होतो. कठडा न तोडता तो दोन फेऱ्यांत वर जाईल. न्यू जर्सीत २०११ पासून टीव्ही साध्या कचऱ्यात टाकण्यास बंदी आहे, तेव्हा रस्त्याच्या कडेला ठेवू नका. नगरपालिकेच्या किंवा काउंटीच्या इलेक्ट्रॉनिक कचरा केंद्रात चौकशी करा.

---

तीननळ्या

मधुराताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रोजच्या पाहण्यासाठी हा संच कोणालाही सुचवू नये. मी ज्या गुणांबद्दल लिहिले ते सगळे अंधाऱ्या खोलीतल्या, समोर बसून पाहिलेल्या चित्रपटाचे गुण आहेत.

एडिसनकर, तपासणीत संच चांगला निघाला तर आणखी दोन गोष्टी करा. कॉन्ट्रास्ट निम्म्यापर्यंत खाली आणा. कारखान्यातून तो शंभरावर येई, कारण दुकानाच्या लख्ख उजेडात चित्र उठून दिसावे लागे. घरातल्या अंधारात त्याची गरज नाही, आणि नळ्यांचे आयुष्य त्याने वाढते. शार्पनेसही खूप कमी करा, म्हणजे माणसांच्या भोवतीची पांढरी रेघ जाईल. रंगछटांत थंड, मध्यम आणि उष्ण असे पर्याय असतील, त्यांतला उष्ण निवडा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, नंतर तेच नैसर्गिक वाटू लागते. स्टुडिओत ज्या पांढऱ्या रंगाचे प्रमाण धरतात, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा, त्याच्या जवळचा पर्याय बहुधा हाच असतो.

ब्लू-रे पाहायची इच्छा असेल तर २०१० च्या अखेरीपर्यंत बनलेला जुना प्लेअर शोधा. त्यानंतर बनलेल्या प्लेअरना परवान्याच्या अटीनुसार कंपोनंटमधून ब्लू-रेचे चित्र उच्च दर्जात देता येत नाही.

आणि एक सावधगिरी. भारतातून आणलेल्या जुन्या हिंदी-मराठी डीव्हीडींपैकी बऱ्याच रुंद टीव्हीसाठी मुद्रित केलेल्या नसतात, काळ्या पट्ट्या चित्रातच असतात. त्या झूम करून पाहाव्या लागतात, तेव्हा रेघा जाड दिसतात आणि खालच्या काळ्या पट्टीत छापलेली उपशीर्षके पडद्याबाहेर जातात. काही संचांत चित्र थोडे वर सरकवण्याची सोय असते, ती शोधून पाहा.

---

एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवारी सगळ्या तपासण्या केल्या.

विजेरी टाकून पाहिले तर लाल आणि हिरव्या नळीचा द्रव स्वच्छ आहे, निळ्याच्या तळाशी अगदी पातळ धुके आहे. पेटीत ओल कुठेही नाही. टीव्ही पाऊण तास तापू दिला आणि मग जाळी उघडली. लाल रेघ मधोमध चांगली दोन मिलिमीटर डावीकडे होती, निळी उजवीकडे आणि किंचित खाली. एकेक खटका देत लाल रेघ हिरव्यावर आणली तेव्हा दोन्ही मिळून पिवळी झाली, आणि निळी येऊन बसताच ती पिवळी रेघ डोळ्यांदेखत पांढरी झाली. मुलगी शेजारी बसली होती, तिने ते पुन्हा करून दाखवायला लावले. उजव्या वरच्या कोपऱ्यात थोडी तांबडी किनार अजून आहे, पण आठ फुटांवरून ती दिसत नाही. रेघा कुठेही वाकलेल्या नाहीत.

पांढरे चित्र लावून पट्टाही पाहिला. तो डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग जातो. म्हणजे मालकांनी बातम्या चित्र ताणूनच पाहिल्या आणि उभे शिवण-पट्टे कुठेही नाहीत. पट्ट्याची उंची फूटपट्टीने मोजली, दोन इंचांहून थोडी कमी भरली.

मधुराताई, आपला सासूबाईंचा प्रसंग वाचून तो प्रश्न आमच्यापुरता मिटला. त्यांच्यासाठी खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर, पलंगासमोर, एक साधा ४३ इंची एलसीडी लावत आहोत. एकच रिमोट असेल, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवीन. प्रोजेक्शन टीव्ही तूर्त आहे तिथेच राहील, शनिवारच्या रात्रीच्या चित्रपटासाठी. खिडकीला जाड पडदा शिवायला टाकला आहे.

काल रात्री कॉन्ट्रास्ट पंचेचाळीसवर ठेवून एक सिनेमास्कोप चित्रपट पाहिला. या पडद्यावर त्याचे चित्र साधारण वीस इंच उंचीचे बसते आणि वर-खाली तीन इंचांहून जास्त रुंदीच्या काळ्या पट्ट्या राहतात. तळाचा तो मळकट पट्टा संपूर्णपणे खालच्या काळ्या पट्टीत गेला. तो कुठे आहे हे ठाऊक असूनही चित्रपटभर मला तो एकदाही दिसला नाही.